थांबा म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही

एकतीस वर्षं मी टॉवर क्रेन चालवली आणि पाळी संपायच्या आत एकदाही खाली उतरलो नाही. ताप असो, पोट बिघडलेलं असो, घरून निरोप आलेला असो, सकाळी शिडी चढायची ती पाळीचा भोंगा झाल्यावरच उतरायची. भेटेल त्याला मी हे सांगत आलोय. माझ्या शेजारी बसायची वेळ आलेल्या पाहुण्यांनी तर दोन-दोनदा ऐकलंय. बायको म्हणते, दारावर नावाची पाटी कशाला, तिथे हेच लिहून टाका.

माझ्या मुलीला मी खारू म्हणतो. लहानपणी कपाटावर, कठड्यावर, जिथे म्हणून पाय ठेवता येईल तिथे ती चढायची. आता चौतीस वर्षांची आहे आणि क्रेनच चालवते, माझ्या क्रेनपेक्षा वीस मीटर उंच. शिकवली मी. पण तिच्या हाताला जी सफाई आहे ती माझ्या हाताला नव्हती. काँक्रीटने भरलेली बादली ती अशी अलगद टेकवते की खालच्या माणसाच्या बुटावर थेंब उडत नाही. साइटवर नवा इंजिनियर आला की त्याला आधी ते बघायला उभं करतात. हे मला खालून तिला खुणा करणाऱ्या सिग्नलवाल्याने सांगितलं. ती स्वतः काही सांगत नाही, आईवर गेलीय.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होतो. खारू आली आणि म्हणाली, "बाबा, खाली उतरा. बोलायचंय."

"बोल की. इथूनही ऐकू येतं."

"तीन महिने झाले, वर असताना मध्येच हात थरथरायला लागतात. लोड हवेत असतो, सगळं नीट असतं, आणि वाटतं आता सुटणार. खाली माणसं दिसत असतात. सुटत काहीच नाही. पण लोड टेकवला तरी लिव्हरवरची मूठ उघडत नाही. झोपही लागत नाहीये धड."

"पाढे म्हटलेस?"

हा आमचा घरचा उपाय. केबिनमध्ये जीव घाबरा झाला की एकोणतिसाचा पाढा म्हणायचा. तो चटकन कुणाला येत नाही, डोकं त्यातच अडकून राहतं आणि हात आपलं काम करत राहतात. मीच शिकवलाय तिला.

"म्हटले. एकोणतिसाचा आता तोंडपाठ झालाय, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही. मला डॉक्टरकडे जायचंय. मनाच्या डॉक्टरकडे."

मी स्टुलावरून उतरलो. हातातलं फडकं तसंच हातात राहिलं. मला तिची काळजी वाटायला हवी होती, पण पहिलं डोक्यात आलं ते पुढच्या महिन्यातलं फिटनेसचं काम. दरवर्षी एक फॉर्म येतो. कान, डोळे, रक्तदाब, आणि सातवा प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत मानसिक त्रासासाठी सल्ला किंवा उपचार घेतला आहे काय? हो किंवा नाही. खाली सही.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो, आणि माझं मलाच ऐकवेना.

"तेच विचारायला जायचंय," खारू म्हणाली.

माझा आवाज चढला. म्हटलं, अगं, एकदा त्या फॉर्मवर हो लिहिलंस की संपलं. केबिन जाईल. दहा वर्षं घासून मिळवलेली केबिन एका शब्दात जाईल. तुला उस्तादाचं ठाऊक नाही का?

तिला ठाऊक होतं, तरी मी पुन्हा सांगितलं. उस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली मी शिकलो तो. पहिल्याच दिवशी त्याने मला एकच नियम सांगितला होता. खालून कुणीही, अगदी विटा वाहणाऱ्या बाईनेही, दोन्ही हात आडवे पसरले की क्रेन थांबवायची. आधी थांबायचं. थांबा म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कारण त्याला काय दिसलं ते तुला वरून दिसत नसतं. हाच उस्ताद एके दिवशी कंपनीच्या डॉक्टरला म्हणाला की मला वर बसवत नाही, छातीत धडधडतं. दुसऱ्या दिवशी त्याला स्टोअरमध्ये बसवला. थोडे दिवस, असं तोंडी सांगितलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच नट-बोल्ट मोजत होता. सगळी साइट त्याला ढिला स्क्रू म्हणायची.

ते नाव कुणी ठेवलं, तेवढं मी खारूला कधी सांगितलं नव्हतं.

"मग काय करू?" तिने विचारलं. भांडायच्या आवाजात नाही. खरंच विचारत होती.

"मी बघतो," मी म्हणालो.

जन्मभर जमिनीपासून साठ मीटर वर बसल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपल्याला सगळं दिसतं. रात्रभर विचार करून मी जी शक्कल काढली ती मला फार हुशारीची वाटली. मी जायचं. माझ्या नावाचा कागद काढायचा, तिला जे होतंय ते मला होतंय म्हणून सांगायचं, गोळ्या आणायच्या आणि तिला द्यायच्या. फॉर्मवर ती खुशाल नाही लिहील. कुठे नोंद नाही, कुणाला ताकास तूर लागणार नाही. मी निवृत्त माणूस, माझी काय केबिन जाणार आहे?

डॉक्टरीण खारूच्याच वयाची होती. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत पाण्याचा जग. मला वाटलं होतं, पलंग असेल आणि भिंतीवर कवटीबिवटी असेल. तिने विचारलं, "काका, काय होतंय?"

मी घोकून गेलो होतो. हात थरथरतात, मूठ उघडत नाही, झोप नाही. छातीत इथे, डाव्या बाजूला, कुणी आतून दार ठोठावतंय असं वाटतं. कानात हवा भरते. तोंड कोरडं पडतं आणि जीभ टाळूला चिकटते. ती लिहून घेत होती. मी रंगात आलो. म्हटलं, परवाच लोड हवेत होता आणि...

"तुम्ही निवृत्त होऊन किती वर्षं झाली म्हणालात?"

"सहा."

"मग परवा लोड कुठला?"

मी पाण्याच्या जगाकडे बघितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. पेन खाली ठेवून म्हणाली, "काका, एकाच्या नावावर दुसऱ्यासाठी मी औषध लिहीत नाही. धोक्याचं असतं ते. ज्यांना त्रास होतोय त्यांना घेऊन या."

"त्यांची नोकरी जाईल."

"जाईलच असं नाही. नाही जाणार असं वचनही मी देऊ शकत नाही. पण हात थरथरत असताना वर बसणं ठीक आहे असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही एवढी वर्षं ते काम केलंय."

मी उठलो. दारापाशी पोचलो तर ती म्हणाली, "एक विचारू? हात थरथरणं, मूठ, झोप, हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसतंय. ते तुम्ही पाठ केल्यासारखं बोललात. पण छातीतलं दार, कानातली हवा, ती जीभ. ते कुणी सांगितलं?"

मी आठवून बघितलं. खारूने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"कुणी नाही," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी बायको आणि खारू जेवायच्या टेबलाशी वाट बघत होत्या. चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं असावं, तरी मी सारवासारव सुरू केली. म्हटलं, दुसरा डॉक्टर शोधू. लांबचा शोधू. नाव बदलून जा. नाहीतर रजा काढ, मावशीकडे राहा महिनाभर, आपोआप बरं वाटेल. आणि काही झालं तरी त्या फॉर्मवर, ऐक माझं, त्या फॉर्मवर तू...

खारू उभी राहिली आणि तिने दोन्ही हात आडवे पसरले.

मी थांबलो. वाक्याच्या मध्यावर थांबलो. एकतीस वर्षांची सवय ती, तोंड आपोआप मिटलं. बायकोने हातातला डाव आवाज न करता खाली ठेवला. कारण विचारायचं नव्हतं. खारू तशीच उभी होती आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं की तिची बोटं खरंच थरथरतायत.

"मी उद्या जाणार आहे," ती म्हणाली. "आणि फॉर्मवर हो लिहिणार आहे. खाली माझ्या भरवशावर माणसं उभी असतात, बाबा. लोड किती टनांचा आहे याबद्दल मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही. मग हे का बोलू?"

मला राग आला, आणि राग कशाचा आला ते कळायला जरा वेळ लागला. मग मी खुर्चीत बसलो आणि ते सांगून टाकलं. की शेवटची नऊ वर्षं मलाही होत होतं. की एकोणतिसाचा पाढा काही मी गंमत म्हणून शोधला नव्हता. की मी पाळीत कधी खाली उतरलो नाही, कारण तसल्या वेळी शिडीवर पाय टाकायची माझी हिंमत नव्हती. आणि उतरलो असतो तर माझंही काहीतरी नाव पडलं असतं. नावं कशी पडतात ते मला चांगलं माहीत होतं. उस्तादाचं मीच ठेवलं होतं.

बायको म्हणाली, "नऊ वर्षं आंघोळीला गेल्यावर पाढे म्हणायचात. मला वाटायचं, हिशेबाची आवड आहे माणसाला." आणि उठून आत गेली. परत आली तेव्हा डोळे पुसून आली होती.

खारू गेली. एकटीच गेली, मला बरोबर घेतलं नाही. डॉक्टरणीने औषध सुरू केलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि सांगितलं की औषध अंगी लागेपर्यंत वर चढायचं नाही. फॉर्म आला. सातव्या प्रश्नासमोर तिने हो लिहिलं, माझ्यासमोर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून. अक्षर किंचित वाकडं आलं. मग तिने खाली सही केली, ती मात्र नेहमीसारखी लफ्फेदार.

आणि ज्याची भीती होती ते झालं. कंपनीने तिला खाली उतरवलं. तिच्या केबिनमध्ये दुसऱ्या साइटवरचा एक ऑपरेटर आणून बसवला आणि तिला म्हणाले, थोडे दिवस खाली सिग्नलला उभी राहा.

थोडे दिवस हे शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. मी बूट घालून निघालोच होतो साहेबाला जाब विचारायला. खारू म्हणाली, "बाबा, मी विचारलंय. थोडे म्हणजे किती ते लिहून द्या म्हटलं. त्यांनी टाळाटाळ केली. मी म्हटलं, पायाला प्लास्टर असतं तर तारीख दिली असती ना, मग याचीही द्या. कागद मिळेपर्यंत मी ऑफिसमधून हलले नाही." आणि तो कागद तिने माझ्यासमोर धरला. आठ आठवडे. मग डॉक्टरांचा दाखला. मग चाचणी. पास झाल्यास पूर्ववत काम. खाली शिक्का.

मी तो कागद तीनदा वाचला. उस्तादाने असला कागद मागितला नव्हता, आणि आम्ही कुणी त्याच्यासाठी मागायला गेलो नव्हतो. सगळे मूग गिळून बसलो होतो. मी तर हसतही होतो.

आठ आठवडे सोपे गेले असं मी म्हणणार नाही. नव्या ऑपरेटरचा हात चांगला होता, आणि तोच कायम होणार अशी कुजबुज रोज तिच्या कानावर यायची. पहिल्या गोळीने तिला दिवसभर मळमळायचं, ती बदलली. पहिल्याच दिवशी एका फिटरने तिच्याकडे बघून कानशिलापाशी बोट फिरवलं, स्क्रू पिळल्यासारखं. खारू सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पिळलास? झाला घट्ट? मग आता लोडकडे बघ, तुझ्या डोक्यावर आहे." हे मला सिग्नलवाल्याने फोन करून सांगितलं. मी ते बायकोला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. माझी मुलगी उपचार घेते, असं म्हणूनच सुरुवात करायचो. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर नाही.

मीही गेलो डॉक्टरणीकडे. माझ्या नावाने, माझ्यासाठी. तिने एवढंच म्हटलं, "या काका. लोड कुठला?"

सातव्या आठवड्यात मी उस्तादाच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं, मला ओळखलं आणि म्हणाला, "काय रे, एकतीस वर्षंवाला. ये."

आत बसल्यावर मी फार घोळ घातला नाही. म्हटलं, "ते नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वॉकीटॉकीवर तुझाच आवाज होता."

मी माफी मागितली. तो नातीची पेन्सिल तासत बसला. शेवटी मी म्हटलं, "उस्ताद, पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर एका ठिकाणी येशील?" उस्ताद म्हणून त्याला कितीतरी वर्षांनी कुणी हाक मारली असेल. त्याने पेन्सिलीचं टोक बोटाला लावून बघितलं आणि म्हणाला, "बघू."

आला. खारूची चाचणी आदल्या दिवशी झाली होती. भरलेली बादली, आखलेला चौकोन, तिने चौकोनाच्या मधोमध टेकवली. दुसरा ऑपरेटर आपल्या साइटवर परत गेला, जाताना केबिनची काच पुसून गेला. आज तिची पहिली पाळी होती. आम्ही दोघे म्हातारे साइटसमोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. फाटक उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं.

ती चढली. ऐंशी मीटरची शिडी, मध्ये दोनदा थांबून. मी श्वास मोजत होतो. उस्ताद म्हणाला, "तू कशाला धापा टाकतोस, चढतेय ती."

तासभर उत्तम चाललं. सळ्यांच्या मोळ्या गेल्या, फळ्या गेल्या. मग बादली आली. सिग्नलवाल्याने हाताने वर घ्यायची खूण केली, बादली माणसाच्या दुप्पट उंचीवर गेली आणि थबकली. सिग्नलवाला अजून वर, वर अशी खूण करत होता. तेवढ्यात क्रेनचा लांबलचक हॉर्न वाजला आणि बादली सावकाश खाली यायला लागली. टेकली. एक थेंब उडाला नाही.

माझा हात छातीवर गेला. सिग्नलवाल्याने वॉकीटॉकी कानाला लावला. वर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, नंतर तिनेच सांगितलं. ती म्हणाली होती, मला दहा मिनिटं हवीत. एवढंच. सिग्नलवाल्याने मान हलवली आणि खालच्या माणसांकडे वळून दोन्ही हात आडवे पसरले.

काम थांबलं. एकाने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. दोघे फळ्यांवर बसून पाणी प्यायले. तो फिटरही तिथेच होता, त्याने बुटाची नाडी बांधून घेतली. कुणी वर बोट दाखवलं नाही. क्रेन उन्हात उभी होती, आणि आत माझी मुलगी लिव्हर सोडून, मुठी उघड्या ठेवून, डॉक्टरणीने शिकवलेला श्वास घेत बसली होती. एकतीस वर्षांत मी एकदाही दहा मिनिटं मागितली नाहीत, आणि तेवढ्याच गोष्टीवर मी जन्मभर छाती फुगवत आलो होतो. त्या पायरीवर बसून मला खारूचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या भरल्या बादल्या बघून कधी वाटला नव्हता.

आठव्या-नवव्या मिनिटाला हॉर्नचा एक छोटा आवाज झाला. माणसं उठली. सिग्नलवाल्याने खूण केली. बादली उचलली, आणि वर, वर, थेट बाराव्या मजल्यापर्यंत गेली.

उस्तादाने विचारलं, "थांबवली तिनेच ना?"

"तिनेच."

"कुणी विचारलं तिला, का म्हणून?"

"नाही."

"हसलं कुणी?"

"नाही, उस्ताद."

तो बराच वेळ मान वर करून बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने पुसलं नाही.

"कुणी शिकवलं हिला?"

"मी," मी म्हणालो.

"तुला कुणी शिकवलं?"

"तू."

"म्हणजे माझीच पोरगी आहे," उस्ताद म्हणाला, आणि रस्त्याने चाललेल्या एका माणसाला हाताने अडवून त्याला वरची केबिन दाखवायला लागला.